सगळ्यांच्या वतीनं

शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात पाण्याची एक जुनी लोखंडी टाकी पडून होती. टंचाईच्या कुठल्याशा साली ती कोणीतरी आणून टाकली होती. पुढं बूड गंजलं आणि ती तिथंच राहिली. मी त्या शाळेवर रुजू झाले तेव्हा हिंगोली जिल्हा वेगळा झाला नव्हता, आम्ही अजून परभणी जिल्ह्यात होतो. पुसेगावला बस सोडायची आणि तिथून मिळेल त्या गाडीनं आत जायचं. गावाचं नाव मी इथं घेत नाही. जे झालं त्यात गावाचा दोष थोडा आणि माझा फार आहे.

मी हिंगोलीच्या बौद्ध वस्तीत वाढले. वडील जिनिंगवर हमाली करायचे. मी सहावी-सातवीत असेन, तेव्हा आपल्या देशाचा एक माणूस रशियाच्या यानातून अंतराळात गेला. वस्तीच्या तोंडाशी एका शिंप्याचं दुकान होतं, त्याच्या रेडिओभोवती त्या दिवशी ही गर्दी. वडील कामावरून आले ते घरी न येता तिथंच उभे राहिले. नळावर बायका एकमेकींना विचारत होत्या, वर त्याला जेवायला काय देत असतील, झोप लागत असेल का. कोणी त्याची जात विचारली नाही की गाव विचारलं नाही. सगळे म्हणत होते, आपला माणूस वर गेलाय. वडील मला म्हणाले, "लई परीक्षा घेतल्या त्याच्या. पास झाला म्हणून पाठवला." वडिलांना जगात एकाच गोष्टीचा भरवसा होता, तो परीक्षेचा. पेपर तपासणाऱ्याला आपला चेहरा दिसत नाही, असं ते म्हणायचे. त्या भरवशावर मी डी.एड. झाले आणि मास्तरीण झाले.

टाकीचं सुचलं ते नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी. विज्ञान दिनाला दर वर्षी तेच ते व्हायचं, एक भाषण आणि लिंबाच्या रसानं लिहिलेली चिठ्ठी. मी गावातल्या लोहाराकडून टाकीला एक दार कापून घेतलं. आतून काळा रंग दिला. मग एका रविवारी शिडी लावून टाकीच्या वरच्या पत्र्याला खिळ्यानं भोकं पाडली, नकाशा बघून, बराबर अंतरावर. मृग, कृत्तिका, सप्तर्षी. दार लावून घेतलं की आत भर दुपारी आभाळ दिसायचं. मी पहिल्यांदा आत बसले तेव्हा किती तरी वेळ बाहेर आलेच नाही.

मग मी नियम केला. वर्षातून एकच लेकरू आत बसेल. प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत. खायला कोरडी भाकर आणि शेंगदाण्याची चटणी, पाणी मोजून. एका रबरी नळीतून ते बाहेरच्यांशी बोलेल. बाहेर पाच पोरं पाटी घेऊन बसतील, अर्ध्या अर्ध्या तासाला त्यानं मोजून नळीतून सांगितलेले नाडीचे ठोके लिहून घेतील. आणि सुटल्यावर बाहेर येऊन त्यानं सगळ्या गावाला सांगायचं, आत काय पाहिलं, काय वाटलं. आत बसण्यासाठी आधी महिनाभर निवड व्हायची. गणितं, नकाशा, डोळे मिटून एका जागी बसणं, न घाबरता बोलणं. टाकीला कुलूप असायचं आणि किल्ली माझ्याकडं.

हेडमास्तर मला म्हणाले होते, मॅडम, सगळ्यांना दोन-दोन मिनिटं बसू द्या की, पोरं खूश होतील. मी नाही म्हणाले. दोन मिनिटं सगळेच बसले तर कोणी कोणाला काही विचारणार नाही. एक जण गेला तर बाकीचे त्याची वाट बघतील, तो आल्यावर कान देऊन ऐकतील. जो आत जातो तो सगळ्यांच्या वतीनं जातो, असं मी पोरांना दर वर्षी सांगायचे.

आणि तसंच व्हायचं. पहिल्या वर्षी पालक दहा-बारा आले असतील. तिसऱ्या वर्षी म्हातारी माणसं घरून पोती आणून सकाळपासून लिंबाखाली बसली. एका साली आत बसलेलं पोरगं तासाभरात रडायला लागलं. त्याला बाहेर काढलं तरी कोणी हसलं नाही. एका म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून विचारलं, "एकटं वाटलं का रं?" ते व्हय म्हणालं, आणि म्हातारी सगळ्यांकडं बघून म्हणाली, वरच्या मानसालाबी असंच वाटत असंल. त्या गावात अंतराळवीरांबद्दल इतकी माया होती की मला कधी कधी खरं वाटायचं नाही.

ती पोरगी तांड्यावरची. तांडा शाळेपासून दोन-अडीच किलोमीटरवर, माळाच्या पलीकडं. घरात लमाणी बोलायची, शाळेत आमची भाषा, आणि दोन्ही बोलताना सारखीच हळू. बाप कोरडवाहू जमीन करायचा, आई जिला ती याडी म्हणायची ती दुसऱ्यांच्या शेतात जायची. पाचवीत आली तेव्हा तिनं मला विचारलं होतं, टाकीत बसायला उंची लागते का. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग ठीक.

ती सातवीत गेली त्या उन्हाळ्यात पेपरात एक बातमी आली. अमेरिकेतल्या एका श्रीमंत माणसानं पैसे भरून रशियाच्या यानात जागा घेतली आणि आठवडाभर अंतराळात राहून आला. शाळा उघडल्यावर मी ती बातमी वर्गात वाचून दाखवली. पोरांना फार गंमत वाटली. एक जण म्हणाला, आता एसटीसारखं तिकीट निघंल. ही मागच्या रांगेत होती. तिनं हात वर केला.

"त्याची परीक्षा झाली का मॅडम?"

मी सांगितलं, झाली, त्यानंही प्रशिक्षण घेतलं, तब्येत तपासली.

"पर निवडला कोणी?"

"कोणी नाही. त्याचं त्यानंच ठरवलं."

तिनं जरा विचार केला. "मग तो कोणाच्या वतीनं गेला?"

मी म्हटलं, त्याची हौस होती, तो स्वतःसाठी गेला, त्यात वाईट काही नाही. ती खाली बसली. तिचं समाधान झालं नव्हतं, माझंही झालं नव्हतं. घरी जाताना मी गाडीत तेच घोळवत होते. त्या माणसानं कोणाचं काही चोरलं नव्हतं. तरी पेपरात त्याचा हसरा फोटो बघताना मला वाटत होतं की शिंप्याच्या दुकानापुढं उभे राहिलेले माझे वडील त्याच्यासाठी उभे राहिले नसते.

त्या वर्षी तिची निवड झाली. चुरस नव्हतीच. डोळे मिटून बसायच्या परीक्षेत बाकीची पोरं चुळबुळ करून उठून गेली तरी ही बसूनच होती, मला तिला हलवून सांगावं लागलं की झालं. मी फळ्यावर तिचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की याडी भाकरीसाठी पिशवी शिवून राहिली, आरशा-कवड्यांची, आणि तांड्यावरची सगळी माणसं त्या दिवशी मजुरीला जाणार नाहीत.

त्याच वर्षी शाळेच्या दोन नव्या खोल्या बांधून झाल्या होत्या. बांधणारा गुत्तेदार गावचाच, शाळा समितीवरही होता. हिंगोलीचा एक वार्ताहर टाकीचा फोटो घ्यायला येणार आहे हे त्याच्या कानावर गेलं. तो एक दिवस पेंटर घेऊन आला, टाकी पांढरी करून दिली, वर निळ्या अक्षरांत यान असं लिहून घेतलं. छान दिसत होती. मी त्याचे आभार मानले. निघताना तो हेडमास्तरांच्या खोलीत बराच वेळ बसला.

हेडमास्तरांनी मला दुपारच्या सुट्टीत बोलावलं. गुत्तेदाराचा मुलगा शहरात इंग्रजी शाळेत होता. त्याला त्या दिवशी टाकीत बसवायचं होतं. मी म्हटलं, तो आपल्या शाळेत नाही, त्यानं निवडीची परीक्षा दिलेली नाही. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. ते हळूच म्हणाले की गुत्तेदार एक खोली प्रयोगशाळेला बांधून द्यायला तयार आहे. कपाटं, टेबलं, सूक्ष्मदर्शक सगळं.

"एका दिवसाचा तर सवाल आहे मॅडम. ती पोरगी मागून बसंल."

कोणी मला बदलीची धमकी दिली नाही. तसं झालं असतं तर आज सांगायला सोपं गेलं असतं. मला प्रयोगशाळा हवी होती. सहा वर्षं मी पोरांना सूक्ष्मदर्शकाचं चित्र दाखवून सूक्ष्मदर्शक शिकवत होते. मी मनाशी म्हटलं, एकीच्या एका दिवसाच्या बदल्यात शंभर पोरांना खोली मिळते. हिशेब इतका सरळ दिसला की मी रात्रभरही थांबले नाही. तिथंच, खुर्चीवरून न उठता, बरं म्हणाले.

तिला मीच सांगितलं. व्हरांड्यात, प्रार्थनेच्या आधी, विज्ञान दिनाच्या दोन दिवस अगोदर. दुसऱ्या एका मुलाला बसवावं लागतंय, शाळेला त्यातून मोठी गोष्ट मिळणार आहे, तुला मागून नक्की बसवीन, असं सगळं. तिनं ऐकून घेतलं. डोळे भरतील, काही विचारेल, म्हणून मी तयारीत होते.

"बरं," ती म्हणाली, आणि ओळीत जाऊन उभी राहिली.

तिच्या घरी सांगावं लागेल हे माझ्या लक्षात आलं होतं. ती सांगेल असं मी धरून चालले. तिनं सांगितलं नाही.

विज्ञान दिनाला सकाळी नऊच्या सुमाराला माळावरून तांडा उतरताना दिसला. चाळीस एक माणसं असतील. बायकांनी सणाचे घागरे-कांचोळी घातलेली, दंडावर हाडाच्या पांढऱ्या बांगड्या, पुढं चालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या डोक्याला लाल पागोटी. लिंबाखाली गावच्या म्हाताऱ्यांनी सरकून त्यांना जागा दिली. तिची आई पुढंच बसली. मांडीवर ती पिशवी, उन्हात आरसे चमकत होते. पोरगी मात्र सातवीच्या रांगेत गणवेशात बसली होती, मान खाली घालून.

गुत्तेदाराची जीप दहाला आली. मुलगा गोरा, चुणचुणीत, दिसायला गोड. त्याचा काय दोष. त्याला चांदीच्या रंगाचा झगा शिवून आणला होता. वार्ताहरानं टाकीच्या दारात त्याचे फोटो काढले. नियमाप्रमाणं शाळा सुटेपर्यंत बसायचं होतं, तो थंड पेयाची बाटली आणि बिस्किटं घेऊन आत गेला आणि अर्ध्या तासात बाहेर आला. नाडी लिहायला बसलेल्या पोरांच्या पाटीवर एकच आकडा होता. हेडमास्तरांनी त्याला पुढं उभं केलं आणि विचारलं, काय पाहिलंस, सांग सगळ्यांना.

"काही नाही, गरम होतं," तो म्हणाला.

लोक थोडे हसले. मग शांत झाले. ते वाट बघत होते, नेहमीप्रमाणं, की आता तो पुढं सांगेल. तो वडिलांकडं बघत राहिला. गुत्तेदारानं टाळ्या वाजवल्या, आणि आपल्याबरोबर आलेल्या पाहुण्यांच्या पोरांना म्हणाला, जा रे, तुमीबी बघून या. पोरं आत घुसली, ओरडत, पत्रा बडवत. मग गावातल्या समितीच्या माणसांची पोरं गेली. दाराशी रांग लागली, ढकलाढकली झाली, एक जण फोटोसाठी वर चढला. मी किल्ली हातात धरून उभी होते. लिंबाखालचे म्हातारे एकेक करून पोती झटकून उठले. मला वाटलं होतं कोणी रागावेल. ते सरळ घराकडं निघाले.

तांड्याची माणसं तशीच बसून होती. मी समजले, त्यांना हे आधीचं काहीतरी चाललंय असं वाटतंय. दुपार कलल्यावर तिची आई उठून माझ्याजवळ आली. पिशवी दोन्ही हातांनी धरलेली.

"मॅडम, माझी पोरगी कवा जाईल?"

"आज न्हाई," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग टाकीकडं, मग रांगेत बसलेल्या पोरीकडं. परत जाऊन तिनं पिशवी सोडली आणि भाकरी मोडून जवळ बसलेल्या लेकरांना वाटून दिली, त्यांत गावचीही होती. मग सगळे उठले आणि माळावरून परत गेले. पोरगी त्यांच्यामागून, दप्तर घेऊन.

मी तिला मागून बसवीन म्हणाले होते. मार्चमध्ये एकदा मी तिला थांबायला सांगितलं, टाकी उघडली. पाहुण्यांच्या पोरांनी वरची भोकं काड्या खुपसून मोठी केली होती, दोन-तीन ठिकाणी पत्रा फाटला होता. आत नुसते उन्हाचे कवडसे पडत होते. ती दारातून वाकून बघून म्हणाली, राहू द्या मॅडम, घरी काम आहे.

सातवीनंतर आठवीला साखऱ्याला जावं लागायचं. तिचं नाव दाखल झालं नाही. मी एकदा तांड्यावर गेले. बापानं बाजेवर बसवलं, चहा दिला, काही तकलीफ नको म्हणून दुसऱ्याच्या सायकलवर मला सडकेपर्यंत सोडलं. शाळेचा विषय काढला की म्हणायचा, बघू. ती आईबरोबर निंदणीला गेली होती. पोरी सातवीनंतर बसतातच घरी, टाकीचा त्याच्याशी संबंध नाही, असं हेडमास्तर म्हणाले. असेलही. मला ते कधी तपासून बघता आलेलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला अमेरिकेचं एक यान परत येताना आभाळातच तुटलं. सात माणसं गेली, त्यात आपल्या देशात जन्मलेली एक बाई होती. गाव हळहळलं, पण मला त्यात काही तरी कमी वाटलं, किंवा माझ्याच कानांना तसं ऐकू आलं. शाळेत श्रद्धांजलीची सभा झाली. फोटोला हार गुत्तेदारानं घातला, भाषण केलं, की मोठी स्वप्नं बघा. मी मुलांच्या रांगांमागं उभी होते. ती सात माणसं कोणाकोणाच्या वतीनं गेली होती हे मला सांगायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या, एवढंच म्हणाले.

त्या वर्षीही मी निवडीची सूचना फळ्यावर लिहिली. पत्रा बदलून घेतला होता, भोकं नव्यानं पाडली होती. आधी तीस-पस्तीस पोरं नाव द्यायची, या वेळी तिघं आली. त्यातल्या एकाचा बाप दुसऱ्या दिवशी शाळेत आला. शेतमजूर, टोपी हातात घेऊन दारात उभा. त्यानं अगदी सरळ मनानं विचारलं, "मॅडम, पोराला टाकीत बसवायचं तर काय द्यावं लागते?"

मी म्हटलं, काही नाही, परीक्षा द्यावी लागते. तो मान हलवून हसला, जसं मोठ्या माणसाच्या खोटं बोलण्यावर लहान माणूस हसतो. म्हणाला, तसं न्हाई, तुमी सांगा, बघतो मी काय होते ते. मी त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्याला ते पटलं नाही, आणि पटवायला माझ्याकडं काही नव्हतं. पोराचं नाव त्यानं काढून घेतलं. उरलेल्या दोघांनीही येणं सोडलं. टाकी त्या साली कोणासाठीच उघडली नाही, पुढंही नाही.

प्रयोगशाळेची खोली झाली. सूक्ष्मदर्शक एक आला, त्याची भिंगं निघालेली होती. मग खिचडी सुरू झाली आणि तांदळाची पोती ठेवायला तीच खोली कोरडी होती. माझी बदली औंढ्याकडं झाली तेव्हा मी नागनाथाच्या गर्दीतून रोज शाळेला जायचे आणि टाकीचा विषय नव्या शाळेत कोणाकडं काढत नसे.

तिला मी सहा-सात वर्षांनी पाहिलं, साखऱ्याच्या बाजारात. एका नातेवाइकाकडं गेले होते. ती मिरच्यांच्या ढिगापाशी उभी होती, कडेवर एक मूल, हाताशी एक मुलगी. तिनंच मला ओळखलं. मी विचारलं त्याची उत्तरं दिली: सासर जवळच आहे, मालक पाण्याच्या टँकरवर जातो, याडी बरी आहे. मुलगी बालवाडीत जाते.

मी तिला म्हटलं की त्या वर्षी मी चुकले. तुझी जागा दुसऱ्याला दिली. मला ते विसरता येत नाही.

तिला आधी लक्षात आलं नाही मी कशाबद्दल बोलतेय. मग आठवलं. ती हसली, मनापासून, मला बरं वाटावं म्हणून.

"काहून मनाला लावून घेता मॅडम? याडीला ठाऊकच होतं. निवड झाली त्याच दिवशी म्हणे, पोरी, तुला काही बसू देत न्हाईत. तांड्यावर सगळ्यांलाच ठाऊक होतं."

"मग ती सगळी आली कशाला?"

"तुमी मन लावून करून राहिला होता," ती म्हणाली. "न येऊन कसं चालंल."

मला तिच्याकडून राग हवा होता. राग असता तर निदान एके काळी तिला खरं वाटलं होतं असा त्याचा अर्थ झाला असता. तिच्याकडं तो नव्हताच, कधी नव्हता. फळ्यावर मी नाव लिहिलं तेव्हाही तिला ते खरं वाटलं नव्हतं. त्या सगळ्या गावात, त्या सगळ्या तांड्यात, परीक्षेनं निवड होते यावर खरोखर विश्वास ठेवणारी मी एकटीच होते, आणि तो मोडला तोही मीच.

मुलगी तिचा पदर ओढत होती. तिनं मिरच्या घेतल्या, मला विचारलं, आता कुठल्या शाळेवर आहात. मी औंढ्याकडच्या गावाचं नाव सांगितलं.

"लांब पडत असंल," ती म्हणाली, आणि मुलीचा हात धरून भाजीच्या ओळीकडं गेली.